खाऱ्या पाण्यातले स्वस्त रीळ : उघडणी आणि निगा (प्रस्तावना)

समुद्रावर वापरलेले स्वस्त स्पिनिंग रीळ बहुधा घरी, कपाटात पडल्या पडल्या निकामी होते. मे महिन्याच्या अखेरीस शेवटचे गरवून झाले की ते तसेच आत जाते. गणपती झाल्यावर बाहेर काढले की मूठ फिरत नाही, दोर ज्याच्यावरून सरकतो तो रोलर जागीच चिकटलेला असतो, स्क्रूच्या डोक्यांभोवती पांढरी भुकटी जमलेली असते. शेवटच्या दिवशी सगळे नीट चालत होते, म्हणून दोष मालाच्या दर्जाला दिला जातो आणि नवे रीळ घेतले जाते. दर्जाचा वाटा त्यात असतोच. पण मुख्य कारण म्हणजे आत राहिलेले मीठ आणि आत नसलेले ग्रीस, आणि या दोन्हींचा बंदोबस्त वापरणाऱ्याला स्वतः करता येतो.

येथे स्वस्त म्हणजे दीड-दोन हजारांपासून चार-पाच हजार रुपयांपर्यंत मिळणारे, ३००० ते ६००० आकाराचे रीळ समजावे. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत आणि पुढे गोव्यात, खडकावरून, जेट्टीवरून किंवा खाडीच्या मुखाशी जिताड्यासाठी, रावसासाठी हौसेने गरवणाऱ्यांच्या काठीला बहुतेक वेळा हेच लावलेले दिसते. त्याची रचना शंभर वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या कापडधंद्यातले आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी १९०५ साली स्थिर स्पूलच्या रिळाचे पेटंट घेतले. स्पूल फिरतच नसेल, तर फेकताना दोर त्याच्या काठावरून वेटोळी सोडत निघून जातो आणि हलके आमिषही लांब जाते, ही त्यातली मूळ कल्पना. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समधल्या मिचेल रिळांनी हा प्रकार जगभर पोहोचवला. आज फिलाडेल्फियात १९३२ साली सुरू झालेल्या पेनची, जपानच्या शिमानो आणि दायवाची, तैवानच्या ओकुमाची किंवा आणखी कोणाची स्वस्त रिळे शेजारी उघडून ठेवली, तर आतला आराखडा जवळजवळ सारखाच दिसतो. त्यामुळे एक रीळ मन लावून उघडलेला माणूस दुसरे उघडताना फारसा अडत नाही.

आराखडा असा. मूठ फिरवली की तिच्या दांड्यावरचा मोठा गिअर फिरतो. त्याचे दाते पिनियन नावाच्या लहान, आतून पोकळ गिअरमध्ये अडकलेले असतात, आणि पिनियनच्या टोकाला रोटर घट्ट बसवलेला असतो. खोक्यावर ५.२ : १ असे लिहिले असेल, तर मुठीच्या एका फेऱ्यात रोटर पाच फेऱ्यांहून थोडा जास्त फिरतो. रोटरवर अर्धगोल तारेची बेल आणि तिच्या एका टोकाला लाइन रोलर असतो. दोर त्यावरून वळून स्पूलवर गुंडाळला जातो. पिनियनच्या पोकळीतून एक लांब दांडा आरपार जातो. त्याच्या पुढच्या टोकाला स्पूल असतो आणि मागचे टोक एका सरकत्या ठोकळ्याला जोडलेले असते. हा ठोकळा दांड्याला पुढे-मागे नेतो, म्हणून दोर स्पूलवर एकाच जागी न साचता सर्वत्र बसतो. रोटर उलटा फिरू नये म्हणून त्याच्याखाली एकमार्गी क्लच असतो. मासा जोरात ओढू लागला की दोर तुटण्याआधी स्पूल सरकावा, हे काम ड्रॅगच्या चकत्यांचे. रिळात एवढीच यंत्रणा असते. स्वस्त रिळात सुटे भाग कमी आणि जागा मोकळी असल्याने ते महागड्या रिळापेक्षा उघडायला सोपे जाते.

मिठाची करणी नीट समजून घ्यायला हवी, कारण निगेचा प्रत्येक नियम तिच्यातून येतो. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाण्याचा थेंब रिळात शिरतो, पाणी उडून जाते आणि क्षार मागे उरतात. रीळ कोरडे दिसले की माणूस निर्धास्त होतो. पण हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की कोरडे सोडियम क्लोराइड हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळते. समुद्राच्या मिठात त्याच्या सोबतीला मॅग्नेशियम क्लोराइड असते, आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलावा धरू लागते. कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवा ८५-९० टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे मे महिन्यात आत राहिलेला थेंब जूनमध्ये पुन्हा खारे पाणी होतो आणि पावसाळाभर धातूवर बसून राहतो. कपाट बंद असले, घरात पाणी शिरले नसले, तरी त्यात फरक पडत नाही.

या खाऱ्या ओलाव्यात वेगवेगळे धातू एकमेकांना टेकले की गंज वेग घेतो. स्वस्त रिळात मोठा गिअर बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो, पिनियन पितळेचा, दांडा आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, आणि अंगचा सांगाडा ॲल्युमिनियमचा किंवा तंतू घातलेल्या प्लास्टिकचा, ज्याला विक्रेते ग्रॅफाइट म्हणतात. समुद्राच्या पाण्यात या धातूंचा क्रम ठरलेला आहे. जस्त सर्वांत आधी झिजते, मग ॲल्युमिनियम, त्यानंतर पितळ, आणि स्टेनलेस शेवटी. लोखंडी बोटीच्या तळाला जस्ताचे ठोकळे मुद्दाम लावतात ते याच कारणाने: जस्त झिजते आणि बोटीचे लोखंड वाचते. रिळात मात्र झिजणारे जस्त म्हणजे खुद्द मोठा गिअर असतो. त्याच्या दात्यांवर दिसणारी पांढरट भुकटी हा त्या झिजेचा पुरावा. स्टेनलेस स्क्रूही अभेद्य नसतो. त्याच्यावरचा संरक्षक थर हवेतल्या प्राणवायूवर टिकून असतो, आणि स्क्रूच्या डोक्याखालच्या फटीत प्राणवायू पोहोचत नाही पण क्लोराइड पोहोचते, म्हणून तिथे तोही गंजतो. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात तो कोरडाच बसवलेला असेल, तर आट्यांभोवतीचे ॲल्युमिनियम फुगून स्क्रू असा जाम होतो की डोके तुटते, पण तो सुटत नाही.

महाग रिळात यावर रबरी सील असतात. पेनच्या स्पिनफिशरच्या सहाव्या पिढीवर आयपीएक्स ५ या पाणीरोधाच्या चाचणीची नोंद आहे. या चाचणीत ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याचा झोत सर्व बाजूंनी मारला जातो. चाचणीचे पाणी गोडे असते, हे लक्षात ठेवले तर सीलबंद रिळाबद्दलही अवाजवी भरवसा राहत नाही. स्वस्त रिळात असे सील नसतात किंवा नावापुरते असतात. सीलचे काम तिथे ग्रीसला करावे लागते. पाणी जिथून शिरू शकते तिथे ते आधीच बसलेले असावे, आणि धातू जिथे उघडा आहे तिथे त्याचा पातळ थर असावा. कारखान्यातून येताना बऱ्याच स्वस्त रिळांत मोठ्या गिअरवर ग्रीसचा एक गोळा असतो आणि स्क्रू, बेअरिंगच्या बाहेरच्या कडा, रोटरच्या आतली स्प्रिंग हे सारे कोरडे असते. म्हणून नवे रीळ समुद्रावर नेण्याआधीच उघडावे. त्या वेळी स्क्रू सहज सुटतात, प्रत्येक भाग स्वच्छ असतो, आणि यंत्र निरोगी असताना कसे दिसते हे डोळ्यांत बसते. उघडल्याने कंपनीची हमी जाते का, हे आधी कागदावर वाचून घ्यावे. इतक्या किमतीच्या रिळाबाबत ग्रीसचा फायदा हमीपेक्षा बहुतेक वेळा मोठा ठरतो.

उघडण्यापूर्वी रीळ कानाजवळ धरून मूठ सावकाश फिरवावी. यातून मिळणारी माहिती नंतर मिळत नाही. मुठीच्या प्रत्येक फेऱ्यात एकदाच खरखर जाणवत असेल, तर दोष मोठ्या गिअरमध्ये किंवा त्याच्या बाजूच्या बेअरिंगमध्ये आहे. एका फेऱ्यात पाच वेळा जाणवत असेल, तर पिनियन किंवा त्याचे बेअरिंग पाहावे, कारण तेवढ्या वेळात तेच पाच वेळा फिरतात. स्पूल एकदा पुढे जाऊन मागे येईपर्यंत एकदाच अडत असेल, तर सरकत्या ठोकळ्यात किंवा त्याला चालवणाऱ्या गिअरमध्ये काही तरी आहे. आणि मूठ रिकामी फिरवताना सगळे गुळगुळीत, पण दोर ओढताना चिरका आवाज येत असेल, तर आधी लाइन रोलर तपासावा.

हत्यारे थोडीच लागतात, पण ती नेमकी हवीत. जपानी पद्धतीच्या रिळांचे फुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात. साधा फिलिप्स डिस्मिस त्यात वरवर बसतो, जोर लावला की वर सरकतो आणि खाच खाऊन टाकतो. खाच एकदा गेली की पुढच्या प्रत्येक वेळी तोच स्क्रू त्रास देतो, म्हणून जपानी मापाचे दोन लहान डिस्मिस वेगळे घेतलेले बरे. याशिवाय रोटरच्या नटासाठी पाना, टोकदार चिमटा, जुना दातांचा ब्रश, कापूस आणि खाचा असलेला ट्रे. मोठ्या कंपन्या आपापल्या रिळांचे सुट्या भागांचे आराखडे देतात; मिळाला तर तो समोर ठेवावा. तो नसेल तर प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढावा. बाजूच्या झाकणाचे स्क्रू एका लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून ज्या त्या जागी स्क्रू टोचून ठेवला की परत लावताना चूक होत नाही. लांब स्क्रू आखूड जागेत गेला तर प्लास्टिक फुटते.

पहिल्यांदा ड्रॅगची घुंडी फिरवून स्पूल काढावा. त्याच्याखाली दांड्यावर एक-दोन पातळ वॉशर असतात आणि ते पटकन हरवतात. दोर स्पूलवर कसा बसेल हे त्यांच्यावर ठरते. दोर पुढच्या काठाशी साचत असेल तर एक वॉशर वाढवावा, मागे साचत असेल तर कमी करावा. स्पूलच्या आत तारेची कडी असते. ती सुईने उचलली की ड्रॅगच्या चकत्या निघतात, एक धातूची आणि एक घर्षणाची अशा आलटून पालटून. ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने त्या तारेत ओवून ठेवाव्यात. मूठ स्क्रूसारखी आत जाणारी असेल, तर एका बाजूचे आटे सरळ आणि दुसऱ्या बाजूचे उलटे असतात, कारण दोन्हीकडे मूठ वापराच्या दिशेने घट्टच व्हायला हवी. रोटरच्या नटाला आधी एक लहान स्क्रू किंवा पत्री अडवून धरते. ती काढल्याशिवाय पाना लावू नये. काही रिळांत या नटाचेही आटे उलटे असतात. म्हणून दोन्ही दिशांना हलका दाब देऊन पाहावा आणि कुठल्याच दिशेला एकदम जोर लावू नये.

रोटर निघाला की एकमार्गी क्लच दिसतो. प्लास्टिकच्या पिंजऱ्यात बारीक रूळ आणि प्रत्येकामागे केसाएवढी स्प्रिंग असते. तो उलटा करून झटकला तर रूळ घरंगळतात आणि ते परत बसवण्यात अर्धा दिवस जातो. म्हणून तो आख्खा, आतल्या नळीसकट उचलावा आणि कुठली बाजू वर होती ते लिहून ठेवावे. उलटा बसला तर मूठ फक्त मागे फिरते. आता बाजूचे झाकण. स्क्रू काढल्यावर ते नखाने उघडावे. डिस्मिसने उचकटल्यास कडा खचते आणि पाण्याला कायमची वाट होते. मोठा गिअर उचलताना त्याच्या दांड्यावर कागदासारख्या पातळ चकत्या असतात. गिअर आणि पिनियन यांच्या दात्यांमधले अंतर त्यांच्यावर ठरते, आणि त्या बऱ्याचदा ग्रीसमुळे बेअरिंगला चिकटून नजरेआड होतात. डावीकडच्या डावीकडे, उजवीकडच्या उजवीकडे ठेवाव्यात. एक जरी इकडची तिकडे झाली तरी रीळ आधी नव्हते तसे कुरकुरू लागते. शेवटी सरकत्या ठोकळ्याचा स्क्रू काढून लांब दांडा पुढून ओढावा, मग ठोकळा, त्याचा गिअर, पिनियन आणि पिनियनचे बेअरिंग.

धुण्यासाठी रॉकेल पुरते. ते जुने ग्रीस सोडवते आणि प्लास्टिकला सहसा धक्का लावत नाही, पण मागे तेलकट थर ठेवते. म्हणून शेवटचा हात आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा असावा. थिनर आणि ॲसिटोन प्लास्टिक व रंग खातात. पेट्रोलही तेच करते आणि शिवाय पेट घेते. घर्षणाच्या चकत्या रॉकेलात टाकू नयेत. पितळेवरचा हिरवा थर पातळ व्हिनेगरमध्ये काही मिनिटे ठेवल्यास सुटतो. जस्ताच्या गिअरला मात्र व्हिनेगर कधीही लावू नये, कारण जस्त त्यात झपाट्याने झिजते. मिठाचे कण रॉकेलात विरघळत नाहीत, म्हणून ग्रीस निघाल्यावर सगळे धातूचे भाग कोमट गोड्या पाण्यात एकदा धुवावेत आणि मग अल्कोहोल लावून सुकवावेत. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि ज्या मिठासाठी रीळ उघडले ते जागच्या जागी राहते.

बेअरिंगबद्दल खोक्यावरच्या आकड्यांनी मोठा गैरसमज करून ठेवला आहे. १० + १ असे छापलेले रीळ ४ + १ पेक्षा चांगले समजले जाते. खाऱ्या पाण्यात आणि या किमतीत प्रत्येक जादा बेअरिंग म्हणजे गंजायला आणखी एक जागा असते. मुठीच्या गाठीत साधे प्लास्टिकचे बूश असले तर कामात काही उणे होत नाही. ज्या जागा महत्त्वाच्या आहेत त्या तीन: मोठ्या गिअरच्या दोन्ही बाजू, पिनियन आणि लाइन रोलर. बेअरिंग बोटावर धरून फिरवावे. वाळू दळल्यासारखे वाटले तर ते रॉकेलात धुऊन पुन्हा पाहावे, आणि तरीही खरखर राहिली तर बदलावे. मापे मिलिमीटरमध्ये असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. उदाहरणार्थ ७ × ११ × ३ मापाचे बेअरिंग एमआर ११७ या क्रमांकाने मागता येते. रिळाचा सुटा भाग म्हणून मिळणाऱ्या किमतीपेक्षा बेअरिंगच्या दुकानात ते पुष्कळ स्वस्त पडते. फक्त स्टेनलेसचे मागून घ्यावे.

बेअरिंगमध्ये तेल घालावे की ग्रीस, यावर गरवणाऱ्यांत वाद होतात. मोठ्या गिअरची बेअरिंग मुठीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला एक-दोन फेरे फिरतात. एवढ्या कमी वेगात तेलाने मिळणारा हलकेपणा हाताला कळतही नाही. उलट तेल वाहून जाते आणि ग्रीस मिठाची वाट अडवून बसते. म्हणून खाऱ्या पाण्यातल्या रिळाच्या आतली सगळी बेअरिंग ग्रीसने भरावीत, पिनियनचेसुद्धा. ग्रीस पाण्याला टिकणारे हवे. सोडियम साबणाचे ग्रीस पाण्यात विरघळते, लिथियमचे बऱ्यापैकी टिकते आणि कॅल्शियम सल्फोनेटचे फार चांगले टिकते. बोटींच्या इंजिनांसाठी मिळणारे मरीन ग्रीस या कामाला योग्य, आणि त्याचा एक डबा अनेक वर्षे पुरतो. खोबरेल तेल घालण्याची सवय मात्र सोडून द्यावी. ते कालांतराने चिकट होते आणि थंडीत गोठते.

गिअरच्या प्रत्येक दात्याला ग्रीस लागलेले असावे, सरकत्या ठोकळ्याच्या खाचेत, लांब दांड्यावर, बेलच्या स्प्रिंगवर, झाकणाच्या कडेवर आणि प्रत्येक स्क्रूच्या आट्यांवर असावे. सांगाड्याच्या आतल्या भिंतींवर बोटाने पातळ थर फिरवावा. पोकळी ग्रीसने ठासून भरण्याची गरज नसते. तसे केले तर मूठ जड होते आणि जादा ग्रीस क्लचमध्ये सरकते. क्लचच्या रुळांवर पातळ तेलाचे एक-दोन थेंब पुरेत. शिलाई मशीनचे तेल चालते. तिथे घट्ट ग्रीस गेले तर रूळ वेळेवर अडकत नाहीत आणि मासा लागल्यावर मूठ अचानक उलटी फिरून बोटांवर आदळते.

लाइन रोलर ही रिळातली सर्वांत लहान आणि सर्वांत जास्त छळली जाणारी वस्तू. ओला, खारट दोर प्रत्येक वेळी तिच्यावरूनच जातो, त्यामुळे बाकीचे रीळ कोरडे असले तरी ती भिजलेलीच असते. एक स्क्रू काढला की रोलर, त्यातले बूश किंवा बेअरिंग आणि एक-दोन वॉशर हातात येतात. तो फिरेनासा झाला की दोर एकाच रेषेवर घासला जातो. विणलेला ब्रेडेड दोर त्यावर खाच पाडतो आणि मग तीच खाच दोराला कापू लागते. तंगूस असेल तर त्याला पीळ पडतो आणि पुढच्या फेकीत गुंता होतो. दोर न लावता बोटाने फिरवल्यावर रोलर अडखळता कामा नये. दर तीन-चार खेपांनंतर तिथे तेलाचा थेंब सोडावा, आणि बेअरिंग पुन्हा पुन्हा गंजत असेल तर त्या मापाचे प्लास्टिकचे बूश बसवून मोकळे व्हावे.

ड्रॅगच्या चकत्या दोन प्रकारच्या येतात. नमद्याच्या असतील तर त्या तेलात भिजलेल्या असाव्यात; कोरड्या पडल्या की स्पूल झटके देत सरकतो आणि पहिल्याच झटक्यात दोर तुटतो. कार्बन तंतूच्या असतील तर अल्कोहोलने पुसून, वाळवून, ड्रॅगसाठीच मिळणारे ग्रीस अगदी पातळ लावावे. नमदा काढून त्या जागी कार्बनच्या चकत्या घालणे हा स्वस्त रिळात करता येणारा सर्वांत उपयोगी बदल आहे. ड्रॅग हाताच्या अंदाजाने न लावता स्प्रिंगच्या काट्याने मोजावा. दोराच्या तुटण्याच्या वजनाच्या पाव ते एक तृतीयांशावर स्पूल सरकायला लागावा, म्हणजे ९ किलोच्या दोराला सव्वादोन ते तीन किलो. घरी आल्यावर ड्रॅग सैल करावा, नाहीतर चकत्या दबून एकमेकींना चिकटतात.

जोडणी उलट क्रमाने होते, पण एका गोष्टीला वेगळी काळजी लागते. प्लास्टिकच्या सांगाड्यात स्क्रू परत घालताना तो आधी उलटा फिरवावा. जुन्या आट्यांच्या तोंडाशी आला की तो हलकेच खाली बसतो, आणि बोटांना ते कळते. तिथून सरळ फिरवावा. असे न करता सरळ दाबून फिरवला तर तो नवे आटे पाडतो आणि दोन-तीन उघडण्यांनंतर भोक सैल होते. शेवटचा आवळा मनगटाने न देता दोन बोटांनी द्यावा. झाकण लागले की रोटर बसवण्याआधी मूठ फिरवून पाहावी, रोटर बसल्यावर पुन्हा, स्पूल बसल्यावर पुन्हा. जिथे अडखळ सुरू होईल तिथला भाग चुकला आहे, हे तेव्हाच समजते.

दर खेपेनंतरची निगा पाच मिनिटांची आहे आणि तिला पर्याय नाही. ड्रॅग घट्ट करून घ्यावा, म्हणजे चकत्यांमध्ये पाणी शिरत नाही. मग नळाच्या हलक्या धारेखाली किंवा तांब्याने गोडे पाणी ओतून रीळ धुवावे. नळीचा जोरदार झोत मारू नये, कारण तो बाहेरचे मीठ आत ढकलतो. बादलीतही बुडवू नये. पाणी झटकावे, कापडाने पुसावे, ड्रॅग सैल करावा आणि रीळ सावलीत सुकू द्यावे. प्लास्टिकच्या पिशवीत किंवा फोमच्या खोक्यात ओलेच कोंबलेले रीळ न धुतलेल्याइतकेच लवकर गंजते. पूर्ण उघडणी वर्षातून एकदा, पावसाळ्यासाठी ठेवून देण्याआधी मे महिन्यात करावी. रीळ लाटेखाली गेले किंवा वाळूत पडले तर मात्र पुढच्या सुट्टीची वाट पाहू नये. त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन, शक्यतो त्याच रात्री उघडावे. खारे पाणी आतच सुकले की क्षार फटींमध्ये बसतात आणि ते काढणे फार अवघड होते.

काही बिघाडांवर खर्च करू नये. मोठ्या गिअरचे दाते तुटले किंवा झिजून टोकदार झाले, सांगाड्यात पिनियनच्या बेअरिंगची जागा सैल झाली, किंवा रोटरला तडा गेला, तर नव्या भागाची किंमत आणि टपालखर्च मिळून नव्या रिळाच्या जवळ जातो. अशा वेळी त्याच मॉडेलचे दुसरे रीळ घ्यावे. जुन्याचा स्पूल, मूठ, बेलची स्प्रिंग, लाइन रोलर, ड्रॅगच्या चकत्या, चांगली बेअरिंग आणि सगळे स्क्रू नव्याला जसेच्या तसे लागतात. ते धुऊन, तेलाचा हात देऊन, मॉडेलचे नाव लिहिलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावेत.